बदली तराफ्याचा दारोगा

वर्षातून तीन महिने नोकरी करून बारा महिने रुबाब करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा शेजारी होता. महिपतराव काटकर. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीतून त्यांचं खोकणंसुद्धा हुकूम सोडल्यासारखं ऐकू यायचं. घराणं शिलेदारांचं. खापरपणजोबा पानिपतावरून परत आले होते, असं ते सांगत. सगळे तिथेच राहिले असताना हे कसे परत आले, हे विचारायची आमच्या आळीत पद्धत नव्हती.

त्यांचा हुद्दा होता 'बदली दारोगा, करोंदी तराफा'. हे जरा समजावून सांगावं लागेल. लष्करपासून वीस मैलांवर करोंदीचा तलाव आहे. संस्थानाने धरण बांधलं तेव्हा करोंदी गाव टेकडीवर होतं म्हणून वाचलं आणि बेट होऊन बसलं. टेकडीच्या माथ्यावर पाहुण्यांसाठी शिकारकोठी होती. पाहुण्यांना मोटारीतून उतरून होडीत बसणं कमीपणाचं वाटे, म्हणून मोटारीसकट पाहुणा पलीकडे पोचवायला तराफा आला. दोन लांब होड्या जोडलेल्या, वर फळ्यांचा सपाट माळा, त्यावर एका वेळी एक मोटार किंवा दोन बैलगाड्या. या मोठ्या तराफ्याला इंजिन होतं. दर हिवाळ्यात त्याला पाण्याबाहेर ओढून फटींत सणाचा, म्हणजे तागासारखा, काथ्या आणि डांबर भरत. पावसाळ्यात ते काम जमत नाही आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूडच तडकतं. ते तीन महिने त्याच्या बदली छोटा तराफा चाले. त्याला इंजिन नव्हतं. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ताणलेला सणाचा जाड दोर होता, तो हातांनी ओढत ओढत पलीकडे जायचं. या छोट्या तराफ्याचे दारोगा म्हणजे आमचे महिपतराव.

उरलेले नऊ महिने काय करता, असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "तयारी." ही तयारी टोपी बाजारात एका पगडीवाल्याच्या दुकानात बसून चाले. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दोर कसा ओढावा, वारा कसा ओळखावा, मोटार माळ्याच्या बरोबर मध्ये कशी उभी करावी हे समजावून देत. गिऱ्हाईक बिचारं टोपी घ्यायला आलेलं असे. मार्गशीर्ष लागला की डोक्यावर शिंदेशाही पगडी, पाठीला घोंगडी आणि सुमनवहिनींनी बांधून दिलेली गजकाची, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांची, पुरचुंडी घेऊन स्वारी अटकेपार निघाल्यासारखी करोंदीला निघे. वहिनी दार लावून घेत आणि म्हणत, "चला, तीन महिने घरात शांतता." आणि दुसऱ्याच दिवसापासून मला विचारायला लागत, "पंत, करोंदीहून कोणी आलंय का हो?"

पंत म्हणजे मी. लक्ष्मीकांत. सचिवालयात कारकून.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली आणि ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्यभारत झालं. राजधानी कोणाची, यावर दोन्हीकडचे लोक हट्टाला पेटले, तेव्हा तोडगा निघाला की हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला राहील आणि उन्हाळ्यात इंदूरला. लग्नातल्या रुसव्याफुगव्याला असे तोडगे आमच्याकडे पूर्वीपासून काढतात. दर सहा महिन्यांनी आम्ही कारकून फायलींच्या ट्रंका बांधायचो, उतरवायचो आणि नेमकी हवी ती ट्रंक दुसऱ्या गावी राहिली आहे असं साहेबांना सांगायचो.

जुन्या नोकरांना नव्या सरकारात बसवायचं काम सुरू झालं. नियम असा होता की प्रत्येकाने समक्ष हजर होऊन आपलं काम सांगायचं, मग त्याचं पद ठेवायचं की मोडायचं हे साहेब ठरवणार. ग्वाल्हेरवाल्यांची हजेरी ग्वाल्हेरला, म्हणजे अर्थात हिवाळ्यात. आणि हिवाळ्यात महिपतराव तराफ्यावर. पहिल्या वर्षी त्यांना बोलावणं गेलं, त्याला उत्तर आलं, 'तराफा सोडून येता येत नाही.' दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलं. उत्तर आलं, 'मागील उत्तर पाहावे.' तिसऱ्या वर्षी, पन्नासच्या डिसेंबरात, शेवटचं बोलावणं निघालं: एक्कावन्नच्या पाच जानेवारीला हजर न झाल्यास पद रद्द. ते पत्र मीच नकलून काढलं होतं. त्यांच्या कागदावर समासात कोणीतरी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं, 'वर्षातून तीनच महिने? गरज काय?'

आळीत लोक म्हणत, नऊ महिने घरी बसणारा बारा महिने बसला तर काय बिघडलं? मीही थोडंफार तसंच म्हणत होतो. एके दिवशी सुमनवहिनी भिंतीपलीकडून आल्या, उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंत, ते नऊ महिने त्या तीन महिन्यांच्या जिवावर जगतात हो. ते तीन गेले तर माणूस उरायचा नाही." मग मी हसणं बंद केलं आणि रविवारी करोंदी गाठली.

महिपतराव दोराजवळ उभे होते. मी पत्र दाखवलं.

"पण माझ्या बदली कोण?" ते म्हणाले. "मीच बदली आहे. बदलीला बदली कुठून आणू, सांगा बघू?"

"रामभरोसी आहे की."

रामभरोसी केवट हा तिथला जुना तांडेल. तीस वर्षं त्या पाण्यावर होता. पण तराफ्याच्या प्रत्येक खेपेला वहीत सही लागे आणि रामभरोसीला अक्षरओळख नव्हती. थोडक्यात, ज्याला सगळं येत होतं त्याला सही येत नव्हती. आता सही येणारा आणि बाकी काही न येणारा माणूस हवा होता, आणि सरकारी नियमाने पाहिलं तर माझ्याइतका लायक दुसरा कोणी नव्हता.

मी कचेरीत पोटदुखीचा अर्ज टाकला आणि चार तारखेच्या संध्याकाळी करोंदीला हजर झालो. महिपतरावांनी मला दोराचं शिक्षण दिलं. सणाचा दोर दवाने भिजला की आखडतो, उन्हाने वाळला की ढिला पडतो. ढिला पडला की किनाऱ्यावरच्या खांबाला दांडे घालून तो कसायचा आणि सूर्य कलला की पुन्हा थोडा सोडायचा, नाहीतर रात्रीच्या दवात ताणून तुटतो. हे सांगताना त्यांनी दोरावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि देवळात उभे राहतात तसे उभे राहिले. शिलेदार मंडळी, दसऱ्याला शस्त्रं पुजतात, हे त्यातलंच काहीतरी असेल असं मला वाटलं.

"कसायचा किती वाजता?" मी वही काढून विचारलं.

"वाजता? दोरच सांगतो."

"तरी अंदाजे?"

"एरवी दोनला. पण पंत, घड्याळ नका बघू. हात ठेवा."

मी वहीत लिहिलं, 'दुपारी २ वाजता दोर कसणे.' खाली रेघ मारली. कामाची बाजू नीट नोंदवल्याचं मला समाधान वाटलं.

पाच तारखेला सकाळी ते पगडी चढवून मोटारीने लष्करला गेले. इतके दिवस धुकं होतं, नेमकं त्या दिवशी आठ वाजताच ऊन पडलं आणि पश्चिमेचा वारा सुटला. मी घोंगडी पांघरून खुर्ची टाकली आणि सह्या करू लागलो. तीन खेपा सुरेख झाल्या. दारोगा होणं फारसं कठीण नाही, असं माझं मत होत चाललं होतं.

साडेअकराला डॉक्टर दौलतसिंह जीप घेऊन आले. शिकारकोठीत आता सरकारी दवाखाना होता आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा औषधांच्या पेट्या घेऊन तिकडे जात. जीप माळ्यावर चढली. रामभरोसीने दोर हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, रस्सा ढीला पड गया है. कस लें?"

मी घड्याळ पाहिलं, मग वही पाहिली. "दोन वाजता," मी म्हणालो.

"बाबूजी, दो बजे तक तो..."

"दारोगासाहेबांनी सांगितलंय. लिहिलेलं आहे." आणि मी त्या निरक्षर माणसाला वही उघडून दाखवली. ती गोष्ट आठवली की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

तलावाच्या पोटात बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. दोर ताठ असला की वरून जातो. ढिला असला की खाली बुडतो. आम्ही मधोमध पोचलो, वाऱ्याने तराफा बाजूला ढकलला आणि दोर खाली जाऊन एका खोडात असा गुंतला की तराफा ना पुढे जाई ना मागे. डॉक्टरांनी आधी वर्तमानपत्र वाचलं, मग जाहिराती वाचल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोटदुखीवर काही देऊ का? चेहरा तसा दिसतोय." मी दचकलो. त्यांना अर्जाचं काही माहीत नव्हतं, पण अपराध्याला सावलीसुद्धा पोलीस वाटते.

पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. वीस-बावीस होती. कोणी रजईत पोर गुंडाळून आणलेलं, एक म्हातारी बाजेवर. ती सगळी आमच्याकडे बघत बसली होती आणि मी त्यांच्याकडे. दोन वाजले. माझी दोर कसायची वेळ झाली होती. शेवटी साडेतीनला रामभरोसीने अंगरखा काढला आणि त्या थंडीत पाण्यात बुडी मारली. तीनदा खाली गेला. चौथ्या बुडीला दोर सुटला. तो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दात इतके वाजत होते की त्याचं 'रामराम'सुद्धा पुरं होईना.

संध्याकाळी महिपतराव परतले ते हसतच. पगडी अजून डोक्यावर होती.

"काम झालं, पंत! साहेब इंदूरचे, पण माणूस भला. मराठी काय छान बोलतात, आपल्यासारखी बीचबीचमें हिंदी नाही. एकच सवाल केला. म्हणाले, आज तराफ्यावर कोण? मी म्हटलं, आमचे लक्ष्मीकांतपंत. म्हणाले, चालतोय? मी म्हटलं, बराबर चालतोय! पंतांच्या हातात देऊन आलोय, मग फिकर कसली? साहेबांनी लगेच लिहून घेतलं."

दहा वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न काय आहे ते कळायला वेळ लागत नाही. अहो, कोणीही कारकून येऊन ज्याचं काम चालवू शकतो, तो दारोगा सरकारने पोसायचा कशाला? आणि बंद आहे म्हणाले असते तर काम टाकून आले असं झालं असतं. पण त्यातून निदान त्यांच्याविना तराफा चालत नाही, एवढं तरी दिसलं असतं. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं.

"मग काय सांगायला हवं होतं?" ते म्हणाले.

"की नवख्याला जमणार नाही. धोका आहे."

"माझ्या जागी उभा राहिलेल्या माणसाची त्याच्या पाठीमागे बदनामी करू? आमच्यात नाही तसं."

मग मात्र मला राहवेना. मी दोर, वही, दोन वाजता, खोड, चार तास, सगळं ओकून टाकलं. ते रागावतील, निदान एखादी शिवी देतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर पोचले का?"

"साडेचारला."

"ती माणसं थांबली होती?"

"सगळी."

ते उठले आणि शेकोटीजवळ रामभरोसी बसला होता तिथे गेले. स्वतःची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. परत येऊन म्हणाले, "मी साहेबांच्या तोंडावर सांगून आलोय, तराफा चालू आहे. आता ते पलटायचं नाही. ना मी, ना तुम्ही. पद गेलं तर गेलं." आणि पगडी उतरवून मांडीवर ठेवली. पगडीविना ते मला एकदम म्हातारे दिसले.

दोन दिवस मी कचेरीत नुसता बसलो. फुलबागेत चकरा मारल्या. गप्प राहणं सोपं होतं. त्यांनीच गप्प राहा म्हटलेलं, आणि बोललो तर खोटी पोटदुखी माझ्या गळ्यात येणार होती. पण डोळे मिटले की मला ती बाजेवरची म्हातारी दिसे आणि उंबऱ्यात उभ्या सुमनवहिनी दिसत. तिसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि साहेबांना सविस्तर लिहिलं. नवख्या माणसाने वेळापत्रक पाहून दोर हाताळला, चार तास दवाखाना बंद राहिला, तो नवखा माणूस मी, आणि माझं पोट त्या दिवशी उत्तम होतं. त्याखाली सही केली. आयुष्यात हजारो सह्या केल्या, पण स्वतःविरुद्ध ती पहिलीच.

निकाल मार्चात लागला. पद कायम. हिवाळ्यात दारोग्याला मुख्यालयी बोलावू नये, असंही हुकमात होतं. आणि मला सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा मिळाला, वर आवक-जावक विभागात बदली. म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्याला ट्रंका मोजणं आणि बाकी वेळ पाकिटं फोडणं.

इतकं करून महिपतरावांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझं पत्र साहेबांनी जानेवारीतच, हाती पडल्या पडल्या, त्यांच्याकडे खुलाशासाठी पाठवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी त्यांचा शब्द खोटा पाडणारा माणूस झालो. निकालाच्या आधी, त्याच जानेवारीतल्या संक्रांतीला, मी मुद्दाम करोंदीला गेलो होतो. तिळाची वडी पुढे केली. त्यांनी घेतली. सणाला पाठ फिरवणार नाहीत, तेवढे संस्कार होते, म्हणून उलट मला गजकही दिला. पण 'गोड बोला' काही म्हणाले नाहीत. बोलायचंच नसल्यावर गोड काय आणि आंबट काय!

उन्हाळा मी इंदूरला काढला. ऑक्टोबरात परत आलो तरी भिंतीपलीकडे तोच कारभार. मी अंगणात दिसलो की ते मोठ्याने वहिनींना म्हणत, "त्यांना सांग, त्यांची सायकल आमच्या दारात आहे." वहिनी माझ्याकडे वळून म्हणत, "ऐकलंत ना? मी परत सांगत बसत नाही." मला राग येई. ज्याचं पद वाचवायला मी अंगावर लाल शाई घेतली त्याने सायकलीपुरतं बोलावं, तेही बायकोमार्फत? एकदोनदा वाटलं, गेलं असतं पद तर बरं झालं असतं. पण वाटायचं तेवढंच. पगडी मांडीवर घेऊन बसलेला माणूस आठवला की तो विचार टिकत नसे.

हुकमात आणखी एक कलम होतं, ते मी विसरून गेलो होतो. आजारपणासाठी दारोग्याने एक पर्यायी माणूस नेमून त्याची माहिती फॉर्मात भरून पाठवायची. मार्गशीर्ष लागला, महिपतराव करोंदीला गेले आणि आठवड्याने त्यांचं पाकीट टपालात आलं. पाकिटं फोडणं माझ्याकडेच असल्यामुळे ते मीच फोडलं.

पर्यायी माणसाचं नाव या रकान्यात त्यांच्या जाड, तिरक्या अक्षरात माझं नाव होतं. शिक्षण या रकान्यात लिहिलं होतं, 'सही येते. रामभरोसी सोबत असावा.'

आणि अनुभव या रकान्यात: 'एक दिवस. दोर अडकवला. चार तास पाण्यावर बसून राहिला. नंतर खरं सांगितलं, नको म्हटलं तरी. याच्या हातात देऊन मी निश्चिंत जाईन.'

समोरच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "क्या हुआ पंडितजी, किसी की गमी हो गई क्या?" मी मान हलवली, कोणी गेलेलं नाही म्हणालो. डोळे पुसले, फॉर्मावर आवक क्रमांक टाकला आणि रविवारी करोंदीकडे पहिली मोटार किती वाजता जाते, ते विचारायला उठलो.